ट्रायल बॅलन्स जुळला, पुढे काय? पब्लिक अकाउंटिंगच्या पदवीचा अभ्यास

प्रश्न थोडक्यात असा आहे: पब्लिक अकाउंटिंगच्या पदवीला प्रवेश घेतला आहे, गणित बेताचे आहे. सीनियर सांगतात की नोंदींचे नियम पाठ कर, जुने पेपर सोडव, बाकी सगळे सॉफ्टवेअर करते. मग इतकी वर्षे अभ्यास नेमका कशाचा करायचा? कोणते विषय मनावर घ्यायचे? आणि पदवी हातात आली की लेखापरीक्षक म्हणून सही करता येते का?

सहीचे उत्तर देशागणिक बदलते, म्हणून ते शेवटी देते.

गणिताची भीती आधी काढून टाका. बेरीज-वजाबाकी, टक्केवारी, गुणोत्तर, चक्रवाढ व्याज आणि नमुना तपासणीपुरते संख्याशास्त्र, एवढ्यावर ही पदवी निघते. मुले अडखळतात ती वाचनात. करारातले एक कलम समोर ठेवले आणि विचारले, 'यातून कंपनीला काय मिळाले आणि कंपनी काय देणे लागते?' तर गणितात पैकीच्या पैकी मिळवणारेही गप्प बसतात. व्यवहार समजला की आकडा मांडणे सोपे असते. व्यवहारच समजला नसेल तर कॅल्क्युलेटर कितीही चालवा, उपयोग नाही.

पहिल्या वर्षाला सर्वांत जास्त वेळ द्या, आणि नोंदी हाताने, कागदावर करा. 'जे येते ते नावे (डेबिट), जे जाते ते जमा (क्रेडिट)' हा नियम रोकड आणि फर्निचरपर्यंत ठीक चालतो. वर्षअखेरच्या समायोजनाच्या नोंदी आल्या की तो दगा देतो, कारण तिथे काही येतही नाही आणि जातही नाही, फक्त काळ पुढे सरकलेला असतो. त्याऐवजी 'मालमत्ता बरोबर देणी अधिक भांडवल' हे समीकरण पकडा आणि प्रत्येक व्यवहाराने त्यातली कोणती बाजू किती हलली ते स्वतःला विचारा. उत्पन्नाने भांडवल वाढते, खर्चाने घटते. एवढे पक्के झाले की नियम पाठ करावे लागत नाहीत.

सरावाची एक पद्धत मी सगळ्या नवख्यांना सांगते: एकाच व्यवहाराची नोंद दोन्ही पक्षांच्या वह्यांत करून पाहा. समजा, एका कारखान्याने यंत्रांच्या देखभालीचा वर्षभराचा करार केला आणि १ ऑक्टोबरला १,२०,००० आगाऊ भरले. वर्षअखेर ३१ डिसेंबर. कारखान्याच्या वहीत तीन महिन्यांचे ३०,००० खर्चात जातील आणि उरलेले ९०,००० पूर्वदत्त खर्च म्हणून मालमत्तेत दिसतील. इथपर्यंत सगळ्यांना येते. आता देखभाल करणाऱ्याच्या बाजूला जा. पूर्ण १,२०,००० त्याच्या बँक खात्यात आहेत, पण उत्पन्न फक्त ३०,०००. उरलेले ९०,००० त्याच्या डोक्यावरचे देणे आहे, कारण नऊ महिन्यांची सेवा अजून द्यायची आहे. बँकेत पैसा आहे आणि तरी ताळेबंदात देणे दिसते, हे पहिल्यांदा पचत नाही. एकदा पचले की उपार्जन पद्धत, म्हणजे पैसा कधी आला-गेला ते न पाहता उत्पन्न आणि खर्च ज्या काळाचे त्या काळात धरणे, समजलीच म्हणा.

याच उदाहरणाला पुढे एक पीळ द्या. करार नीट वाचला तर कळते की वर्षभर कुणी फिरकणारच नाही. डिसेंबरमध्ये यंत्रे एकदा पूर्ण उघडून दुरुस्त करायची, एवढेच काम आहे आणि ते झालेही आहे. मग? पूर्ण १,२०,००० याच वर्षीचा खर्च, आणि समोरच्याचे याच वर्षीचे उत्पन्न. बिल तेच, रक्कम तीच, 'वार्षिक करार' हा मथळाही तोच. नोंद बदलली ती करारातल्या कलमामुळे. बिलावरची तारीख पाहून बाराने भागणारे काम संगणक करतो. कलम वाचून 'थांबा, इथे भागायचे नाही' असे म्हणणे हे तुमचे काम.

आता ट्रायल बॅलन्स, म्हणजे तेरीज, सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा शिलकांची यादी. पहिल्या वर्षाच्या मुलाला ती जुळली की जग जिंकल्याचा आनंद होतो, आणि तो होऊ द्यावा. जुळत नसेल तर जुन्या हिशेबनिसांच्या दोन युक्त्या आजही कामाला येतात. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली आहे, जसे ५४ चे ४५. फरकाला २ ने भाग जात असेल तर त्याच्या निम्मी रक्कम शोधा, ती नावे टाकायची ती जमेला पडली असू शकते. पण तेरीज जुळली याचा अर्थ नावे आणि जमा यांची बेरीज सारखी आहे, एवढाच. व्यवहार नोंदवलाच नसेल, चुकीच्या खात्यात गेला असेल, दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील किंवा अख्खा व्यवहारच बनावट असेल, तरी तेरीज बिनबोभाट जुळते. पुढच्या वर्षांचा सगळा अभ्यास एका अर्थाने याच फटीत काय काय लपू शकते याचा आहे.

वर्ल्डकॉमचे प्रकरण याच दृष्टीने वाचा. ही अमेरिकेतली मोठी दूरध्वनी कंपनी. दुसऱ्या कंपन्यांच्या तारा वापरण्याबद्दल ती जे शुल्क भरत असे, तो सरळसरळ चालू वर्षाचा महसुली खर्च होता. तो उचलून मालमत्तेच्या खात्यात टाकला गेला, म्हणजे भांडवली खर्च दाखवला. नोंद कशी होती? मालमत्ता नावे, खर्च जमा. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही लिहिता येईल अशी. दोन्ही बाजू समान, तेरीज ठाकठीक, आणि नफा फुगलेला. २००२ मध्ये कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने, सिंथिया कूपर यांच्या नेतृत्वाखाली, हे उकरून काढले. पहिला जाहीर आकडा ३.८ अब्ज डॉलर होता, पुढे तो ११ अब्जांच्या घरात गेला. दुरुस्ती महसुली आणि नवे यंत्र भांडवली, हे उदाहरण पाठ्यपुस्तकात कंटाळवाणे वाटते ना? जगातल्या मोठ्या घोटाळ्यांपैकी एक त्याच पानावरचा आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लेखामानके येतात. बहुतेक देशांत आंतरराष्ट्रीय मानके म्हणजे आयएफआरएस किंवा त्यांच्यावर बेतलेली स्थानिक मानके चालतात. अमेरिकेतल्या कंपन्यांची स्वतःची वेगळी चौकट आहे, यूएस गॅप. इथे घोकंपट्टीचा मोह सर्वांत जास्त होतो, कारण परिच्छेदांना क्रमांक असतात आणि क्रमांक पाठ करता येतात. तसे करू नका. प्रत्येक मानक कोणता तरी जुना पळवाटेचा रस्ता बंद करायला आलेले असते. तो रस्ता कोणता होता, हे शोधा.

भाडेपट्ट्याचे मानक घ्या, आयएफआरएस १६, जे २०१९ पासून लागू झाले. त्याआधी कंपन्या विमाने, दुकानांच्या जागा, गोदामे वर्षानुवर्षे भाड्याने वापरायच्या आणि त्यातले बरेचसे देणे ताळेबंदात दिसतच नसे, फक्त दर वर्षीचे भाडे खर्चात. आता भाडेकरूला बहुतेक करारांची देणी ताळेबंदात आणावी लागतात. हे कागदावर करून पाहा: तीन वर्षांचा करार, दर वर्षअखेरीला १,००० भाडे, व्याजदर १० टक्के. पहिल्या हप्त्याचे आजचे मूल्य ९०९, दुसऱ्याचे ८२६, तिसऱ्याचे ७५१. एकूण देणे साधारण २,४८७, आणि तेवढीच वापराच्या हक्काची मालमत्ता. पहिल्या वर्षी घसारा ८२९ आणि व्याज २४९, म्हणजे खर्च १,०७८. भाडे भरले १,०००, खर्च त्याहून जास्त! तिसऱ्या वर्षी देणे घटलेले असते, व्याज ९१ वर येते आणि खर्च ९२० होतो. तीन वर्षांची बेरीज मात्र ३,०००च राहते. एकूण खर्च बदलत नाही, तो कोणत्या वर्षी दिसतो आणि देणे लपते की दिसते, हे बदलते. हा एक तक्ता स्वतः उभा केलात तर सध्याचे मूल्य, घसारा, व्याजाची विभागणी हे तीन धडे एकदम होतात. गणित बेताचे असणाऱ्याने ते इथेच पक्के करून घ्यावे.

याच काळात खऱ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचायला लागा. अध्यक्षांचे भाषण आणि रंगीत फोटो सोडून द्या. ताळेबंदाखालच्या टिपांपासून सुरुवात करा, कारण अडचणीच्या गोष्टी तिथे बारीक अक्षरात असतात. नंतर नफा आणि कामकाजातून आलेली रोकड शेजारी-शेजारी ठेवा. नफा वर्षामागून वर्षे वाढतोय आणि रोकड येत नाहीये, असे दिसले तर येणी पाहा, माल-साठा पाहा. सुट्टीत एक कंपनी निवडून दोन वर्षांच्या ताळेबंदांवरून रोकड प्रवाह पत्रक स्वतः तयार करा आणि छापलेल्याशी ताडून बघा. जुळणार नाही. का जुळले नाही ते शोधण्यात जो वेळ जाईल, तोच खरा अभ्यास.

लेखापरीक्षण हा विषय परीक्षेत सर्वांत सोपा समजला जातो, कारण थिअरी आहे, लिहून येते. कामावर सर्वांत जास्त पिछेहाट याच विषयात दिसते. मुले 'लेखापरीक्षणाची उद्दिष्टे' धडाधड सांगतात, पण 'हा साठा खरा आहे हे तुला कशावरून कळले?' असे विचारले की 'सर, म्हणजे मॅडम, लेजरमध्ये आहे ना' असे उत्तर येते. लेजर, म्हणजे कंपनीची खातेवही, हा दावा आहे, पुरावा नव्हे.

१९३८ सालचे मॅकेसन अँड रॉबिन्स हे औषध कंपनीचे प्रकरण इथे वाचलेच पाहिजे. सुमारे ८.७ कोटी डॉलरच्या मालमत्तेपैकी जवळपास १.९ कोटींचा साठा आणि येणी अस्तित्वातच नव्हती. कंपनीचा प्रमुख नाव बदलून वावरणारा, आधी शिक्षा झालेला माणूस निघाला. खरेदीच्या ऑर्डरी, बिले, पावत्या सगळे कागद व्यवस्थित होते, कारण ते सगळे एकाच टोळक्याने बनवले होते. लेखापरीक्षकांनी कागद कागदाशी ताडले आणि ते जुळले. गोदामात जाऊन साठा मोजला जाताना उभे राहायचे आणि येणे असलेल्यांना थेट पत्र घालून विचारायचे, ही तेव्हा सक्तीची रीत नव्हती. १९३९ मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक संस्थेने ती घालून दिली. आज नवा ऑडिट असिस्टंट वर्षअखेरीला थंडी-धुळीत गोदामात पेट्या मोजत उभा असतो तो या प्रकरणामुळे. कंटाळा आला की हे आठवावे.

एक गोष्ट मात्र डोक्यात घट्ट बसवा, कारण वर्षानुवर्षे मुले तिथेच घोटाळा करतात: तपासणीची दिशा. खात्यातली विक्रीची नोंद उचलून मागे जात माल गेल्याच्या पावतीपर्यंत पोहोचलात तर नोंदवलेली विक्री खरी आहे की नाही ते कळते. उलट, गोदामातून माल बाहेर गेल्याची पावती उचलून पुढे खात्यापर्यंत आलात तर झालेली विक्री नोंदवली गेली की राहिली ते कळते. पहिल्या वाटेने कितीही चाललात तरी वगळलेली विक्री सापडणार नाही, कारण जी खात्यात नाही ती तुम्ही उचलणार कुठून? फुगवलेल्या मालमत्तेसाठी मागे जा, लपवलेल्या देण्यांसाठी पुढे या. देणी शोधायची तर वर्ष संपल्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत कुणाला पैसे दिले ते पाहा, मागच्या वर्षाची न नोंदवलेली बिले तिथे सापडतात.

पुरावा कुणाच्या हातून आला हेही तितकेच महत्त्वाचे. पार्मालात या इटालियन दूध कंपनीच्या उपकंपनीकडे ३.९५ अब्ज युरो एका मोठ्या अमेरिकी बँकेत आहेत, असे बँकेच्या कागदावरचे पत्र होते. डिसेंबर २००३ मध्ये बँकेने सांगितले की असे खातेच नाही. भारतात २००९ च्या जानेवारीत सत्यमच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वात नाही. २०२० मध्ये जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीचे १.९ अब्ज युरो असेच हवेत विरले. तिन्ही ठिकाणी लबाडी बँक शिल्लक नावाच्या, सर्वांत सोप्या समजल्या जाणाऱ्या ओळीत होती. म्हणून बँकेला खातरजमेचे पत्र लेखापरीक्षकाने स्वतः पाठवायचे आणि उत्तर स्वतःच्या हाती घ्यायचे असते. 'आम्ही पाठवून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता' असे ग्राहकाच्या कार्यालयातून प्रेमाने सांगितले जाते. नको म्हणायचे.

अर्थात लेखापरीक्षक म्हणजे डिटेक्टिव्ह नव्हे. १८९६ च्या किंग्स्टन कॉटन मिल खटल्यात इंग्लंडच्या न्यायाधीशांनी म्हटले होते की लेखापरीक्षक हा राखण करणारा कुत्रा आहे, माग काढणारा नाही. हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत येते. पण त्या वाक्याच्या आड लपता येण्याचे दिवस गेले आहेत. आजची मानके संपूर्ण हमी मागत नाहीत, वाजवी हमी मागतात, तरी लबाडीमुळे मोठी चूक झाली असेल काय, याचा विचार आधीच करून काम आखायला सांगतात.

करकायदा, कॉस्टिंग (उत्पादनखर्चाचा हिशेब), व्यापारी कायदा यांबद्दल थोडक्यात. कराचे दर पाठ करू नका, ते पदवी मिळेपर्यंत बदलतील. करपात्र उत्पन्न आणि हिशेबातला नफा वेगळे का असतात, हे समजून घ्या, स्थगित कर, म्हणजे या फरकामुळे पुढच्या वर्षांवर जाणारा कर, त्यातूनच निघतो. करार कायदा मात्र मन लावून शिका, वर त्याचे कारण आलेच आहे. कॉस्टिंग नीट आले तर कारखान्यात गेल्यावर लोक तुमच्याशी बोलतात, नाहीतर नुसते चहा पाजून परत पाठवतात.

नीतिशास्त्राचा पेपर तोंडी लावण्यापुरता समजला जातो. पुढे हिशेबाच्या घोटाळ्यात बुडालेल्या एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीकडून आर्थर अँडरसन या लेखापरीक्षक फर्मला २००० साली लेखापरीक्षणाचे सुमारे २.५ कोटी डॉलर मिळाले आणि सल्ल्यासारख्या इतर कामांचे २.७ कोटी. ज्याच्याकडून एवढे घ्यायचे त्याला 'हे चालणार नाही' कोण सांगणार? २००२ मध्ये ती जगड्व्याळ फर्म कोसळली आणि त्याच वर्षीच्या अमेरिकेच्या सार्बेन्स-ऑक्सली कायद्याने लेखापरीक्षकाने ग्राहकाला इतर कोणत्या सेवा द्यायच्या नाहीत याची यादीच घालून दिली. तुमच्यावर वेळ येईल ती मात्र इतकी मोठी नसेल. रात्री उशिरा वरिष्ठ म्हणेल, 'पंचवीस व्हाउचर तपासायची होती, वीस झालीत, पाचांवर टिक मार, उद्या सही आहे.' त्या पाच टिकांचे उत्तर नीतिशास्त्राच्या पेपरात कुणी विचारत नाही.

सॉफ्टवेअरचे म्हणाल तर सीनियर अर्धे खरे बोलतात. नोंदी करणे, बिले वाचणे, बँक जुळवणी ही कामे यंत्राकडे गेली आहेत आणि आणखी जातील. म्हणूनच नुसत्या नोंदी शिकून थांबणाऱ्याची अडचण होणार. एक्सेल इतके यायला हवे की लाखभर ओळींतून एकाच पुरवठादाराला सारख्याच रकमेची दोनदा दिलेली बिले, सुट्टीच्या दिवशी टाकलेल्या नोंदी किंवा मंजुरीच्या मर्यादेच्या किंचित खाली ठेवलेल्या रकमा काढता येतील. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, थोडेफार आले तर उत्तम. पण यादी निघाल्यावर त्यातली कोणती ओळ उचलायची आणि कुणाला काय विचारायचे, हे यंत्र सांगत असले तरी तुम्हाला त्याआधी सुचले पाहिजे. इंटर्नशिप मिळाली तर लहान फर्म घ्या, मोठे नाव नसले तरी चालेल. मोठ्या ठिकाणी तीन महिने एकाच खात्याची कात्रणे हाती येतात, लहान ठिकाणी अख्खी वही पाहायला मिळते.

आता सही. नुसत्या पदवीवर ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही. अमेरिकेत पदवी, ठरावीक श्रेयांक, अनुभव आणि सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट) परीक्षा लागते. परंपरेने १५० सेमिस्टर तासांची अट आहे, अलीकडे काही राज्यांनी पदवी अधिक जास्त अनुभव अशी पर्यायी वाट खुली केली आहे. परीक्षेत २०२४ पासून तीन मुख्य पेपर आणि निवडीचा एक असतो. ब्रिटनमध्ये चार्टर्ड अकाउंटंट होण्यासाठी पदवी याच विषयाची असावी लागत नाही, प्रशिक्षणाचा करार आणि परीक्षा मात्र चुकत नाहीत. भारतात १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सनदी लेखापालांच्या संस्थेची परीक्षा आणि आर्टिकलशिप (सनदी लेखापालाच्या हाताखालचे प्रशिक्षण) हीच वाट आहे, बी.कॉम. केले तरी आणि न केले तरी. तेव्हा जिथे काम करायचे आहे त्या देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर जा, तुमच्या विद्यापीठाच्या कोणत्या विषयांना पेपरची सूट किंवा श्रेयांक मिळतात ती यादी काढा, आणि निवडीचे विषय भरायचा फॉर्म येण्याआधी ती समोर ठेवा. नंतर एका सुटलेल्या विषयासाठी पुन्हा वर्गात बसावे लागलेले पदवीधर मी बरेच पाहिले आहेत.